सहा मिस कॉल

आमच्या घरमालकांनी माझा फोन कधीच उचलला नाही, आणि मी त्यांच्याकडे अडीच वर्षं राहिले. नळाला पाणी नाही, फोन केला, उचलला नाही. गीझरमधून धूर येतोय, फोन केला, उचलला नाही. शेवटी मी चपला घालून तीन जिने उतरून खाली गेले, तर हे पायरीवर बसलेले, मांडीजवळ तीन फोन, हातात खडू, आणि मला बघून म्हणाले, "तुमचा एक क्रेट धरला नव्हता बरं का मी. नंबर वळखला."

मी परभणीची. हिंजवडीत एका कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागले होते. भूगावात तेव्हा जिकडे तिकडे बिल्डरच्या पाट्या आणि वाळूचे ढीग होते. चांदणी चौकात कंपनीची बस मिळायची आणि भाडं कोथरूडच्या निम्मं होतं, एवढ्या दोन गोष्टींवर मी आणि माझी मैत्रीण तिथे राहायला गेलो. घरमालकांना सगळे अण्णा म्हणत. आपणही म्हणावं, म्हणून आम्हीही अण्णा म्हणू लागलो. साठीला आलेले, बुटके, पायजम्यावर कंपनीचा खाकी शर्ट. पिरंगुटच्या एका कारखान्यात बावीस वर्षं स्टोअरकीपर होते. नोकरी सुटली, शर्ट सुटला नाही.

पहिल्याच आठवड्यात आमचं त्यांच्याशी वाजलं. सकाळी दार उघडलं तर अण्णा आमची कचऱ्याची बादली घेऊन उभे. "चार पोळ्या हायेत ह्यात," म्हणाले. "काल कोन जेवलं न्हाई?"

माझ्या मैत्रिणीचं डोकं फिरलं. भाडं देतो आम्ही, आमच्या कचऱ्यात हात घालायचा काय संबंध, असं ती बरंच बोलली. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमी जेवला न्हाई त्याचं मला काय न्हाई. पन तुमी जेवनार न्हाई हे पोळ्या लाटनारीला ठावं नव्हतं. हितं चूक हाय." पोळ्या लाटणारी मीच होते. मैत्रीण ऑफिसातच खाऊन आली होती आणि तिने मला कळवलं नव्हतं, हेही खरं होतं. पण म्हणून काय कुणी असं दारात बादली घेऊन उभं राहतं?

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. दूधवाला, भाडेकरू, लग्नात शेजारी बसलेला पाहुणा, कुणालाही ते ऐकवायचे. "भाजी उनानं नासत न्हाई. न कळल्यानं नासती."

त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. अण्णांचं मूळ गाव कोळवणच्या खोऱ्यात. भात निघालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर तिथल्या बायका मेथी, कोथिंबीर, पालक, वाल असं काहीबाही करायच्या. ही भाजी एक टेम्पो कोथरूडच्या दुकानांपर्यंत आणायचा. टेम्पोवाल्याला ठाऊक नसायचं, कुठल्या वाडीत किती माल आहे. बायकांना ठाऊक नसायचं, टेम्पोत जागा किती आहे. त्या भाजी कापून रस्त्याला येऊन बसायच्या, टेम्पो भरलेला असला की तो न थांबता निघून जायचा, आणि कापलेली मेथी उकिरड्यावर. अण्णांची थोरली बहीण सगळ्यात वरच्या वाडीत दिलेली. तिच्याकडे एकदा गेले असताना त्यांनी पाच पाट्या मेथी म्हशीपुढे टाकलेली पाहिली. "कंपनीत एक नट हिकडचा तिकडं झाला तर कार्डावर दिसतो," ते मला म्हणाले होते, "आन हितं पाच पाट्या खायाचं अन्न जातं, तर कुनाला पत्ता न्हाई. मी म्हनलं, मग बावीस वर्सं मी शिकलो काय?"

तर त्यांनी हे मिस कॉलचं काढलं. तेव्हा वाड्यावाड्यांत एखाद-दुसरा मोबाईल आला होता. मिस कॉलला पैसे पडत नाहीत, हे ज्ञान कंपन्यांच्या जाहिरातींआधी आपल्या लोकांना झालं होतं. प्रत्येक वाडीतल्या फोनवाल्या बाईने संध्याकाळी सात ते आठ या वेळात, उद्या आपल्या वाडीचे जितके क्रेट, तितके मिस कॉल अण्णांना द्यायचे. एक मिस कॉल, एक क्रेट. टेम्पोत चाळीस क्रेट बसायचे. बेरीज चाळीसच्या वर गेली तर अण्णा उलट मिस कॉल द्यायचे: एक आला तर एक क्रेट कापायचा नाही, दोन आले तर दोन. भाजी रानातच ठेवायची. "मातीत हाय तवर तिला काय हुत न्हाई," ते सांगायचे. "कापली की घड्याळ चालू." कुणाला थांबवायचं त्याची दोन-दोन दिवसांची पाळी लावलेली होती, आणि ती पाळी जिन्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेली असायची. अण्णांच्या घराला रंग न देण्याचं कारण हेच होतं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा गणपतीच्या आधी ती भिंत पुसली, तर दोन दिवस घरात अबोला होता.

सात ते आठ या तासात त्या घरात कुणी बोलायचं नाही. टीव्ही नाही. काकूंनी कुकर लावायचा नाही, कारण शिट्टीत रिंग ऐकू येत नाही. मला रोज त्याच वेळी कंपनीची बस सोडायची. दमून भागून येते, तर पायरीवर हा माणूस ध्यान लावून बसलेला. अंग चोरून त्याच्या बाजूने वर जायचं. पहिल्या महिन्यात मी चपलांचा आवाज केला म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात शिट्टी वाजवली होती.

आणि एकदा मी त्याहून मोठं पाप केलं. संध्याकाळी मी आले तेव्हा अण्णा पायरीवर नव्हते. पोट बिघडलं होतं, आत गेले होते. तीनपैकी एक फोन वाजू लागला. फोन वाजला की उचलावा, एवढं आपल्याला कळतं. मी उचलला आणि म्हटलं, "हॅलो?"

पलीकडे एक बाई "अगं बाई" म्हणाली आणि फोन बंद झाला.

अण्णा बाहेर आले तेव्हा मी चांगुलपणाने सांगितलं, की कुणाचा तरी फोन होता, मी घेतला. त्यांनी नंबर बघितला, भिंतीकडे बघितलं, पण उचललेला फोन मोजायचा कसा, हे त्यांच्या नियमात नव्हतं. ती बाई घाबरून पुन्हा वाजवेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात मेथीच्या चार सुकलेल्या जुड्या ठेवलेल्या होत्या. अण्णा खालून ओरडून म्हणाले, "मॅडम, हे तुमचं हॅलो. एक क्रेट ऱ्हायला रस्त्यावर. त्यातलं एवढं खान्याजोगं निघालं."

मला इतका राग आला होता, की मी त्या जुड्या फेकूनच देणार होते. मग बादली आठवली. निवडत बसले. निम्मी मेथी पिवळी होती, देठ लोंबत होते. ती कुणीतरी पहाटे गार हातांनी कापली असेल, असं काहीतरी मनात आलं, आणि मी मुकाट्याने थालीपीठ लावलं. खाली दोन नेऊन दिली. अण्णांनी खाल्ली आणि म्हणाले, "मीठ कमी हाय."

त्या थालीपिठांनंतर मी त्यांच्या कामात शिरले. कुणी बोलावलं नव्हतं. दिवसभर ऑफिसात मी परदेशातल्या कुठल्याशा दुकानांच्या मालाचा प्रोग्राम लिहीत होते. ती दुकानं मी कधी बघणार नव्हते. इथे माझ्या जिन्याखाली खरा माल, खऱ्या बायका आणि खडू! माझा हात शिवशिवायला लागला. ऑफिसातून भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर मी रीतसर परवानगी काढून आणला, फोनला केबल लावली, आणि महिनाभर शनिवार-रविवार घालवून एक प्रोग्राम केला. कुठल्या नंबरवरून किती मिस कॉल आले ते कॉम्प्युटर आपोआप वाडीच्या नावापुढे मांडायचा, चाळीसच्या वर गेलं की पाळी कुणाची ते दाखवायचा. अण्णा पंधरा दिवस खडू आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवत राहिले. सोळाव्या दिवशी त्यांनी खडू खिशात टाकला आणि काकूंना म्हणाले, "आता कुकर लावत जा." काकू माझ्याकडे बघून हसल्या. अडीच वर्षांत त्या माझ्याकडे बघून हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

अण्णांचे दोन नियम होते, ते सांगायला हवेत. पहिला असा, की वरच्या वाडीचा रस्ता चढाचा आणि खराब, टेम्पोला तिथे जाऊन यायला वेळ आणि डिझेल जास्त लागतं, तेव्हा तिथले किमान सहा मिस कॉल आले तरच टेम्पो वर जाईल. कमी असतील तर बायकांनी क्रेट खाली फाट्यावर आणायचे. दुसरा नियम, खोटा मिस कॉल दिला तर त्या वाडीचा नंबर एक महिना बंद. हा नियम एकदाच लागला होता, कुणाच्या तरी दिवट्या पोराने गंमत म्हणून आठ वाजवले होते तेव्हा. माझ्या प्रोग्राममध्ये त्यासाठी एक वेगळा रकाना होता. त्याला अण्णांच्या सांगण्यावरून मी नाव दिलं होतं, 'शिक्षा'.

आणि एक गोष्ट मला फार विचित्र वाटायची. सकाळी टेम्पोत प्रत्यक्षात किती क्रेट चढले, ते अण्णा मोजत नव्हते. टेम्पो दारावरून तसाच पुढे जायचा. बावीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस, आणि आलेला माल मोजत नाही! मी विचारलं तर म्हणाले, "कंपनीत चोर असत्यात, मॅडम. ह्या घरच्या बाया हायेत."

मग एका सकाळी खालच्या वाडीतली एक बाई एस्टीने उतरून आमच्या दारात आली. पाटीत मेथी होती, पण जून झालेली, फुलं आलेली. तिने पाटी पायरीवर ठेवली. "अण्णा, दोन दिस तुमी मला थांबवलं. म्या थांबले. तिसऱ्या दिशी हे असं झालं. ही आता शेळी बी खात न्हाई नीट."

"पाळी तुजी हुती," अण्णा म्हणाले. "चाळीसच्या वर गेलं हुतं."

"कुटं गेलं हुतं? दोन्ही दिस गाडी माझ्या म्होरनं गेली. माग मोकळं हुतं. दोन क्रेटची जागा हुती. डोळं हायेत मला."

अण्णांचा चेहरा उतरला. तिला चहा पाजला, पाटीतली मेथी स्वतः ठेवून घेतली आणि तिला एस्टीत बसवून दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरची बेरीज चुकती काय?"

बेरीज! माझी! मी तिथल्या तिथे बसून सगळे आकडे तपासले. बेरीज बरोबर होती. मग माझ्या सुपीक डोक्यातून उपाय निघाला. सगळे क्रेट हिरवे, एकसारखे, म्हणून काही कळत नाही. प्रत्येक वाडीने आपल्या क्रेटला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायची, टेम्पो सकाळी दारात पाच मिनिटं थांबवायचा, मी मोजेन आणि मिस कॉलशेजारी खरे क्रेट लिहीन. वरच्या वाडीला लाल चिंधी दिली.

दहा दिवसांत उत्तर मिळालं. सगळ्या वाड्यांचे आकडे जुळत होते, कुठे एखाद्याचा फरक. फक्त लाल जुळत नव्हती. मिस कॉल सहा, क्रेट चार. मिस कॉल सहा, क्रेट तीन. मिस कॉल सहा, क्रेट चार. मी मागचे तीन महिने काढून पाहिले. वरच्या वाडीचे मिस कॉल रोज सहाच. कधी पाच नाही, कधी सात नाही. भाजी अशी रोज सहा क्रेट येत नसते, हे परभणीच्या मुलीलाही कळतं.

मला काय आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. चूक सापडली की आम्हा प्रोग्रामरच्या जातीला होतो तो आनंद. मी तक्ता छापून खाली पळत गेले. "अण्णा, सापडलं. वरची वाडी. कोण फोन करतं तिथून?"

अण्णांनी तक्ता हातात घेतला. चष्मा लावला. बराच वेळ बघितला. मग दारातून काकूंचा आवाज आला, "आक्का करतात."

आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. अण्णा चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि या आक्कांनी त्यांना कडेवर वाढवलं, हे मला काकूंनीच त्या दिवशी सांगितलं. मी तक्ता परत मागितला. अण्णांनी दिला नाही.

रविवारी ते वर जायला निघाले. मी म्हटलं, मीही येते. तक्ता माझा होता. त्यांच्या मोपेडवर मागे बसून, चढाला उतरून ढकलत, आम्ही वरच्या वाडीत पोचलो. सहा घरं. वाटेत शहरातल्या लोकांची दोन फार्महाऊसं लागली, तारेच्या कुंपणात. आक्का घरामागच्या कातळावर उभ्या होत्या. सबंध वाडीत रेंज तिथेच येत होती. उंच, काळ्यासावळ्या, केस पांढरे. अण्णा त्यांच्यापुढे एकदम लहान दिसायला लागले.

"आक्का," अण्णा म्हणाले, "चार क्रेट असताना सहा मिस कॉल दिलं?"

"दिलं," आक्का म्हणाल्या. आढेवेढे नाहीत.

"का?"

"चार म्हनलं तर गाडी येत न्हाई. सहा म्हनलं तर येती. मग मी काय म्हनावं?"

"खरं हाय ते म्हनावं."

"खरं म्हनलं असतं तर चौघीजनी डोक्यावर क्रेट घिऊन फाट्यापातूर उतरल्या असत्या. येकीला सातवा म्हयना हाय. येक माझ्याहून म्हातारी. गेल्या साली येक दिस खाली न्हेलं आमी, तर पोचंस्तवर गाडी गेली. समदं तितंच टाकून आलो. त्या दिसापासनं म्या सहाच देती." मग माझ्याकडे वळल्या. "तू क्येलास व्हय पोरी तक्ता? चांगला क्येलास. पन त्यात हा चढ मांडलास का कुटं?"

मी मान खाली घातली. मांडला नव्हता.

अण्णा म्हणाले, "तुज्या दोन खोट्या क्रेटपायी खालच्या वाडीची मेथी जून झाली. ती बाई माझ्या दारात पाटी ठिवून गेली."

आक्का कातळावर टेकल्या. "त्ये मला ठावं नव्हतं," म्हणाल्या. "म्या म्हनलं, गाडीत दोन क्रेटची हवा जाईल. कुनाचं अन्न जाईल असं मनातबी न्हाई आलं. तिला काय म्हनू मी आता?" आणि त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं.

मला वाटलं, झालं, मिटलं. आता चहा होईल. अण्णा उठले आणि म्हणाले, "नंबर येक म्हयना बंद."

आक्का म्हणाल्या, "कर."

परत येताना मी तोंड उघडलं ते चांदणी चौकापर्यंत ऐकू गेलं असेल. अण्णा, तुम्ही दुष्ट आहात. त्या सात महिन्यांच्या बाईचं काय? आईसारखी बहीण तुमची! अण्णा मोपेड चालवत होते. "व्हय," एवढंच म्हणाले. "बहीन म्हनून सोडली तर खालच्या बाईला तोंड कसं दावू?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मोपेडच्या आवाजाने मला जाग आली. अण्णा खाकी शर्टावर स्वेटर घालून निघाले होते. टेम्पो वर जाणार नव्हता, हे खरं. पण अण्णांनी जाऊ नये असा नियम नव्हता. मोपेडच्या मागे दोन क्रेट बांधून ते फाट्यावर आणायचे, पुन्हा वर जायचे, उरलेले दोन आणायचे, आणि टेम्पोत उरेल त्या जागेत चढवायचे. रोज. महिनाभर. एकदा वळणावर पडले, कोपर सोलवटलं. काकू हळद लावताना म्हणाल्या, "बहिनीला शिक्षा करायची आन आपनच भोगायची, हे कुठलं शानपन?" संभा, म्हणजे टेम्पोवाला, याला सगळं आधीपासून ठाऊक होतं. आक्का त्याला रोज चहा-भाकरी द्यायच्या म्हणून त्याने तोंड उघडलं नव्हतं. तोही आता खाली मान घालून क्रेट चढवायचा. आक्का भावाशी बोलत नव्हत्या. क्रेट बांधून द्यायच्या, आत जायच्या.

मी त्या महिन्यात पुन्हा पुन्हा कॉम्प्युटरवर तो तक्ता बघत होते. सहा, सहा, सहा. आधी त्यात मला फक्त खोटेपणा दिसला होता. आता वाटत होतं, हा आकडा आक्कांनी दिलेलाच नाही. तो आम्ही त्यांच्या तोंडात घातलाय. आज मी अशाच कामात आहे, गोदामं आणि शीतगृहं यांचे मोठमोठे प्रोग्राम करते, आणि कुठल्याही फॉर्ममध्ये 'किमान' असा शब्द दिसला की माझं बोट थांबतं. याच्याखाली असलेल्या माणसाने काय लिहायचं? मीटिंगमध्ये असं विचारते तेव्हा लोक घड्याळाकडे बघतात.

महिना संपला त्या संध्याकाळी मी मुद्दाम लवकर आले. अण्णा पायरीवर, संभाही येऊन बसलेला. सव्वासातला वरच्या वाडीचा नंबर वाजला. एक. थांबला. पुन्हा वाजला. दोन. पुन्हा. तीन. मग काहीच नाही. आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. पाच मिनिटं गेली.

"तीनच हायेत अण्णा," संभा म्हणाला. "म्हंजे वर न्हाई ना जायाचं?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "जायाचं."

"पर सहाचा नेम—"

"त्यो नेम म्या केला. खरं सांगितलं की गाडी न्हाई, खोटं सांगितलं की गाडी, असा नेम. आक्कानं म्हयना भोगला, पन खोटं बोलायला तिला म्या लावलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, ती शिक्षेची ओळ हाय ना, तितं माझा नंबर घाला. येक म्हयना. उद्यापासनं न्हाई, आत्तापासनं." आणि तिन्ही फोन माझ्या मांडीजवळ सरकवून ते उठले आणि समोर ओट्यावर जाऊन बसले.

मला वाटलं, गंमत करतायत. आठ वाजता बेरीज आली एकेचाळीस. एक जास्त. कुणाला तरी थांबवायचं होतं. कॉम्प्युटरने पाळी दाखवली. महिनाभर जिला एकदाही थांबवलेलं नव्हतं, अशी एकच वाडी होती. वरची. नंबर बंद होता म्हणून थांबवण्याचा प्रश्नच आला नव्हता.

"अण्णा," मी म्हटलं, "पाळी आक्कांची येतेय. आज पहिलाच दिवस आहे. काय करू?"

"माझा नंबर बंद हाय," अण्णा म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

आजवर मी हे सगळं रकान्यांतून बघितलं होतं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी हा माणूस कुणा ना कुणा बाईला सांगत होता, की तुझं आज नको, आणि मग उठून जेवत होता. मला ते एकदा करायचं होतं तर मी दुसरी वाट शोधू लागले. दुसऱ्या कुणाला थांबवावं? खालच्या वाडीला? मग तिने पुन्हा पाटी घेऊन यायचं. एक क्रेट कोंबून बसवावा? खालची भाजी चिरडते. मी वरचा नंबर लावला. रिंग गेली. कापायला बोट पुढे केलं आणि कापवेना. आणखी वाजली. मग एकदाची कापली. जेवले नाही त्या रात्री. मैत्रिणीला आधी सांगितलं, म्हणून पोळ्या तेवढ्या वाया गेल्या नाहीत.

सकाळी टेम्पो दारात थांबला. लाल चिंधीचे दोन क्रेट होते. दोन क्रेटांसाठी तो चढ चढून आला होता. मी मोजले, लिहिले. अण्णा दारातून लांबूनच बघत होते, जवळ आले नाहीत.

संभा गाडी चालू करता करता थांबला. "मॅडम, आक्कानं निरोप दिलाय. काल रिंग तुमीच दिली ना?"

"हो. का?"

"त्या म्हनल्या, अण्णाची न्हवती ती. अण्णाची झटदिशी तुटती. ही लई येळ वाजत ऱ्हायली. त्या म्हनल्या, त्या पोरीला सांग, येका क्रेटानं माझं काय न्हाई गेलं. आन म्हनावं, रातच्याला जिवून घेत जा."

मला तिथेच रडू आलं, टेम्पोच्या चाकाशी, हातात तक्ता घेऊन. अण्णांनी ते पाहिलं आणि घरात गेले. थोड्या वेळाने काकू बाहेर आल्या, माझ्या हातात चहाचा कप दिला, आणि मी तो उभ्याउभ्याच प्यायले, कारण बस चुकत होती.